स्क्लेरोडर्मा आहे की नाही, हे अजून ठरलेलं नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्लेरोडर्मा, म्हणजेच सिस्टेमिक स्क्लेरोसिस, हा प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटून त्वचा आणि आतले अवयव कडक करणारा आजार. थंडीत बोटं पांढरी पडतात, रक्तात काहीतरी सापडलं आहे आणि डॉक्टर म्हणतात, "सहा महिन्यांनी या, पाहू." अशा अधांतरी अवस्थेत असलेल्यांसाठी हे प्रश्न आणि उत्तरं. आजाराचं नाव ठरायला वर्षं लागू शकतात. फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि हृदय यांच्यावर नजर ठेवणं मात्र नाव ठरेपर्यंत थांबवायचं नसतं. खालची बहुतेक उत्तरं याच मुद्द्याशी येऊन थांबतात.

एएनए पॉझिटिव्ह आलं आहे. म्हणजे स्क्लेरोडर्मा झाला का?

तेवढ्यावरून नाही. एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडीज. त्या पूर्ण निरोगी माणसांतही सापडतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात निरोगी लोकांपैकी सुमारे ३२ टक्के १:४० या टायटरला पॉझिटिव्ह निघाले, १:८० ला १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के आणि १:३२० ला ३ टक्के. टायटर म्हणजे रक्त किती पट पातळ केलं तरी अँटीबॉडी दिसत राहते, तो आकडा. म्हणून नुसत्या १:८० ने झोप उडवून घेऊ नका. १:१२८० आणि सोबत बोटं पांढरी पडत असतील, तर मात्र नीट तपासणी व्हायलाच हवी.

याची दुसरी बाजू फारशी कोणी सांगत नाही. सिस्टेमिक स्क्लेरोसिस असलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांत एएनए पॉझिटिव्ह असतं. त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्टला जास्त वजन आहे, पण तपासणी एचईपी-२ पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) इम्युनोफ्लुओरेसन्स पद्धतीने, म्हणजे अँटीबॉडी चमकवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, झालेली असेल तरच. एलायझासारख्या काही स्वयंचलित पद्धतींत काही अँटीबॉडीज निसटतात, विशेषतः न्यूक्लिओलर नमुना (सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी चमकेची एक ठेवण) देणाऱ्या. रिपोर्टवर पद्धत लिहिलेली असते, ती वाचा. नमुना सेंट्रोमिअर किंवा न्यूक्लिओलर लिहिला असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

आणि एकदा पॉझिटिव्ह आलेलं एएनए दर तीन महिन्यांनी पुन्हा करू नका. त्याच्या चढउतारावरून आजार वाढतोय की कमी होतोय हे कळत नाही.

एससीएल-७० पॉझिटिव्ह आहे, पण त्वचा अगदी मऊ आहे. कशावर विश्वास ठेवायचा?

एससीएल-७० ही स्क्लेरोडर्माशी जोडलेली एक अँटीबॉडी. आधी आकडा पाहा. एकाच वेळी अनेक अँटीबॉडीज मोजणाऱ्या पद्धतींत एससीएल-७० थोडंसंच पॉझिटिव्ह येणं हा बऱ्याचदा खोटा पॉझिटिव्ह असतो, खासकरून एएनए निगेटिव्ह असेल आणि रेनॉडही (थंडीत बोटं पांढरी पडणं) नसेल तर. तीच तपासणी एकदा दुसऱ्या पद्धतीने करून घ्या. दोन्हीकडे जोरदार पॉझिटिव्ह आली, तर त्वचा कशीही असो, फुप्फुसांची तपासणी लांबवू नका. ही अँटीबॉडी फुप्फुसांच्या फायब्रोसिसशी (फुप्फुसं आतून कडक होत जाणं) जोडलेली आहे.

डॉक्टर "नक्की सांगता येत नाही" म्हणतात. डॉक्टर बदलावा का?

हे वाक्य बहुतेक वेळा प्रामाणिक असतं. हा आजार हप्त्याहप्त्याने समोर येतो. रेनॉड आधी सुरू होतो आणि बाकीची लक्षणं काही महिन्यांनी ते कित्येक वर्षांनी येतात. सेंट्रोमिअर अँटीबॉडी (स्क्लेरोडर्माशी जोडलेली आणखी एक) असलेल्यांत मध्ये दहा-दहा वर्षंही जातात. एकाच तपासणीत हो किंवा नाही सांगेल अशी चाचणी नाही.

डॉक्टर बदलण्याचं खरं कारण वेगळं आहे. "नक्की नाही" म्हणून त्यांनी पुढची तारीख, पुढच्या तपासण्या आणि धोक्याची लक्षणं काहीच दिलं नसेल, तर दुसरं मत घ्या. ते रुमेटॉलॉजिस्टचं (संधिवाततज्ज्ञाचं) असावं आणि जमल्यास अशा रुग्णांची स्वतंत्र ओपीडी असलेल्या ठिकाणचं.

ते ९ गुणांचं काय आहे?

२०१३ साली अमेरिकन आणि युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून वर्गीकरणाची एक गुणपद्धत ठरवली. दोन्ही हातांच्या बोटांची त्वचा जाड होऊन ती जाडी बोटांच्या मुळाच्या सांध्यांच्या पलीकडे, तळहाताच्या मागच्या बाजूपर्यंत पोचली असेल, तर एकदम ९ गुण. तसं नसेल तर बेरीज करायची; ९ किंवा जास्त झाले तर सिस्टेमिक स्क्लेरोसिस धरतात:

- बोटं सुजट, फुगीर: २, बोटांपुरतीच त्वचा कडक: ४ (दोन्हींपैकी जास्त असेल तेच धरायचं)
- बोटांच्या टोकांवर व्रण: २, टोकांवर खड्ड्यासारखे व्रणाचे डाग: ३ (इथेही जास्त असेल तेच)
- त्वचेवर लालसर बारीक रक्तवाहिन्यांचे ठिपके: २
- नखांच्या मुळाशी केशवाहिन्या बिघडलेल्या: २
- फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला, किंवा फुप्फुसांचा फायब्रोसिस: २
- रेनॉड: ३
- सेंट्रोमिअर, एससीएल-७० किंवा आरएनए पॉलिमरेज-३ अँटीबॉडी: ३

आता एक उदाहरण धरा. रेनॉडचे ३, सेंट्रोमिअरचे ३, केशवाहिन्यांचे २, एकूण ८. एक गुण कमी. अशा माणसाला "तुम्हाला काही नाही" म्हणून घरी पाठवणं ही सरळ चूक आहे. ही पद्धत संशोधनात सारखे रुग्ण निवडण्यासाठी बनवली होती. निदान डॉक्टर सगळं चित्र पाहून करतात, आणि ८ गुणांवरही ते "सुरुवातीचा स्क्लेरोडर्मा" म्हणू शकतात. उलट, तेच गुण दुसऱ्या एखाद्या आजाराने जमत असतील तर ९ होऊनही ते मोजायचे नसतात.

पुढे खरोखर आजार होण्याची शक्यता किती?

सगळ्यात उपयोगी उत्तर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून मिळतं. त्यात सुरुवातीला फक्त रेनॉड असलेल्या ५८६ जणांवर २० वर्षांपर्यंत नजर ठेवली होती. सुमारे १३ टक्के जणांना पुढे सिस्टेमिक स्क्लेरोसिस झाला. पण ही सरासरी कोणा एकालाच लागू पडत नाही. ज्यांच्या केशवाहिन्याही नॉर्मल होत्या आणि स्क्लेरोडर्माशी जोडलेली अँटीबॉडीही नव्हती, त्यांच्यात हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत राहिलं. दोन्ही गोष्टी बिघडलेल्या होत्या त्यांच्यात जवळजवळ ८० टक्के.

म्हणून या दोन तपासण्या झालेल्या नसतील तर आधी त्या करा. त्याआधी शक्यतेचा विचार करत रात्री जागून हाती काही लागत नाही.

साधा रेनॉड आणि आजारातला रेनॉड घरी ओळखता येतो का?

काही खुणा दिसतात. साधा रेनॉड बहुधा १५ ते ३० वयात सुरू होतो, दोन्ही हातांत सारखा असतो आणि बोटांना इजा करत नाही. तिशी-चाळिशीनंतर पहिल्यांदा सुरू झालेला, एखाद-दुसऱ्या बोटात जास्त, खूप दुखणारा, टोकाला व्रण करणारा रेनॉड संशयास्पद.

झटका येईल तेव्हा फोटो काढा. दवाखान्यात पोचेपर्यंत बोटं गुलाबी झालेली असतात. पांढऱ्या आणि गुलाबी भागातली सीमारेषा फोटोत स्पष्ट दिसायला हवी. नुसते गार हात म्हणजे रेनॉड नव्हे.

बोटं सुजट आहेत का हेही पाहता येतं. अंगठी सकाळी अडकते का, मूठ पूर्वीसारखी घट्ट मिटते का, आणि बोटाच्या मधल्या पेराच्या मागच्या बाजूची त्वचा चिमटीत धरून तिची बारीक घडी उचलता येते का. घडीच पडत नसेल तर ते नोंदवा. तेच पेर, तोच हात, महिन्यातून एकदा. रोज पाहिलं तर फरक कळणार नाही, काळजी मात्र वाढेल.

कॅपिलरोस्कोपी म्हणजे काय? त्याची तयारी कशी करायची?

नखाच्या मुळाशी जी पातळ त्वचा असते, तिथल्या केशवाहिन्या सुमारे २०० पट मोठ्या करून पाहतात. निरोगी माणसात त्या केसांच्या पिनांसारख्या एका ओळीत दिसतात. स्क्लेरोडर्मात काही ५० मायक्रॉनपेक्षा जास्त फुगतात, बारीक रक्तस्राव दिसतात, मग ओळीत रिकाम्या जागा पडत जातात. दुखत नाही, सुई नाही.

तपासणी बिघडते ती आपल्याच काही गोष्टींमुळे. आधीचे दोन-तीन आठवडे नखांच्या कडेची त्वचा कापू किंवा कुरतडू नका, नाहीतर इजेचा रक्तस्राव आजाराचा वाटतो. नेलपॉलिश काही दिवस आधीच काढा. बाहेरून गारठून आला असाल तर उबदार खोलीत १५ ते २० मिनिटं बसा. सगळ्यात स्वच्छ चित्र बहुधा अनामिका आणि करंगळीत मिळतं; फक्त एकाच बोटावर पाहून "नॉर्मल" लिहिलं असेल, तर आठही बोटं पाहायला सांगा.

यूसीटीडी, एमसीटीडी, ओव्हरलॅप यांत फरक काय?

यूसीटीडी (अनडिफरन्शिएटेड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज) म्हणजे ऑटोइम्यून आजाराची (ज्यात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते) लक्षणं आणि अँटीबॉडी आहेत, पण कोणत्याही एका आजाराच्या चौकटीत बसत नाहीत. यातले साधारण एक तृतीयांश लोक पुढे ठरावीक आजाराकडे जातात, तेही बहुतेक पहिल्या पाच वर्षांत. बाकीचे कित्येक जण तिथेच, सौम्य अवस्थेत राहतात. एमसीटीडी (मिक्स्ड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज) हा वेगळा गट आहे: यू१-आरएनपी अँटीबॉडी जोरदार पॉझिटिव्ह, सोबत रेनॉड, सुजट हात आणि ल्युपस (आणखी एक ऑटोइम्यून आजार), स्नायुदाह, स्क्लेरोडर्मा यांची सरमिसळ. ओव्हरलॅप म्हणजे दोन आजारांचे निकष एकाच माणसात पूर्ण होणं.

त्वचा कडक झाली म्हणजे स्क्लेरोडर्माच ना?

नाही, आणि ही गल्लत महाग पडते, कारण उपचार वेगळे असतात. मॉर्फियात त्वचेचे ठरावीक पट्टे किंवा चकत्या कडक होतात, पण रेनॉड नसतो आणि आतले अवयव बहुधा सुरक्षित असतात. इओसिनोफिलिक फॅसिआयटिसमध्ये हातपाय कडक होतात आणि बोटं मात्र सुटतात. हात वर केला की शिरांच्या जागी खोबणी दिसते. जुन्या मधुमेहात बोटांचे सांधे आखडतात आणि नमस्कारासाठी जोडलेले तळवे एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. बोटं मोकळी आणि रेनॉड अजिबात नाही, अशी जोडी असेल तर निदानावर पुन्हा विचार करायला सांगा.

उलटही होतं: त्वचा कधीच जाड न होता आतले अवयव बाधित होणारा एक प्रकार आहे. विरळा, पण आहे.

नाव ठरलेलं नसताना कोणत्या तपासण्या, किती दिवसांनी?

हे डॉक्टर तुमच्या अँटीबॉडीप्रमाणे ठरवतील. स्क्लेरोडर्माची अँटीबॉडी किंवा बिघडलेल्या केशवाहिन्या असतील तर साधारण असं असतं: सुरुवातीला फुप्फुसांचा एचआरसीटी (बारकाईचा सीटी स्कॅन), इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि फुप्फुसक्षमतेची चाचणी, नंतर इको आणि फुप्फुसक्षमता वर्षातून एकदा, धोका जास्त असेल तर सहा महिन्यांनी. शिवाय मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि लघवी, हिमोग्लोबिन आणि स्नायूंसाठी सीपीके.

बारकावे इथेच आहेत. साध्या स्पायरोमेट्रीत (नळीत फुंकण्याची चाचणी) डीएलसीओ (फुप्फुसांतून रक्तात वायू किती जातो, तो आकडा) येत नाही; तो वेगळा मागून घ्या. रक्तवाहिन्यांचा त्रास सुरू होताना एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर सोडलेली एकूण हवा) बरा राहून डीएलसीओ एकटाच घसरतो, आणि एफव्हीसीच्या टक्केवारीला डीएलसीओच्या टक्केवारीने भागल्यावर १.६ पेक्षा जास्त येत असेल तर ती धोक्याची खूण समजतात. पण ॲनिमिया असेल तरी डीएलसीओ कमी येतो, म्हणून त्या दिवसाचं हिमोग्लोबिन प्रयोगशाळेला सांगा. तोंड पूर्ण उघडत नसेल तर नळीच्या कडेने हवा निसटते आणि एफव्हीसी खोटा कमी येतो. एचआरसीटीत पाठीवर झोपल्याने फुप्फुसांच्या मागच्या भागात नुसती दाट सावली पडते. पालथं झोपवून काढलेल्या चित्रात ती गेली तर फायब्रोसिस नाही.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचंही असंच. गार बोटांत रक्त कमी पोचतं आणि तो ८५ वगैरे दाखवतो. घाबरण्याआधी हात उबदार करा, किंवा कानाच्या पाळीचा अथवा कपाळाचा सेन्सर वापरायला सांगा.

घरी बीपी मोजायला का सांगतात?

या आजारातला सर्वांत घातक अचानक प्रकार म्हणजे मूत्रपिंडांचा झटका, आणि तो बहुतेक वेळा बीपीवरूनच पहिल्यांदा कळतो. धोका जास्त कोणाला? त्वचा वेगाने जाड होत असलेल्यांना, आजाराच्या पहिल्या चार-पाच वर्षांत, आणि आरएनए पॉलिमरेज-३ अँटीबॉडी असलेल्यांना. त्यांनी आठवड्यातून किमान दोन-तीनदा मोजावं.

पाठ टेकून पाच मिनिटं बसा, दंड हृदयाच्या उंचीवर ठेवा, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. वरचा १४० किंवा खालचा ९० पर्यंत पोचला, अथवा वरचा तुमच्या नेहमीपेक्षा ३० ने किंवा खालचा २० ने वाढला, तर पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. इथे "तुमच्या नेहमीपेक्षा" हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्यांचं बीपी कायम ९५/६० असतं, त्यांचं १२८/८२ झालं तर कागदावर ते नॉर्मल दिसतं. त्यांच्यासाठी ती मोठी उडी आहे. म्हणून बरं असतानाचे आकडे लिहून ठेवलेले हवेत.

या झटक्यावर कॅप्टोप्रिलसारखी एसीई इनहिबिटर (बीपी उतरवणारी) औषधं जीव वाचवतात. मात्र झटका येऊ नये म्हणून आधीपासून ती घेण्याचा फायदा दिसलेला नाही. स्वतःहून सुरू करू नका.

सांधे दुखतात म्हणून स्टेरॉइड घेतलं तर चालेल का?

स्क्लेरोडर्माची शंका आहे हे माहीत नसलेल्या डॉक्टरकडून, अजिबात नाही. रोज १५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोनने मूत्रपिंडांच्या झटक्याचा धोका वाढतो. गरज असेल तर रुमेटॉलॉजिस्ट कमीत कमी डोस, कमी दिवसांसाठी देतात आणि बीपीवर लक्ष ठेवतात. आधीच घेत असाल तर एकदम बंदही करू नका. तेही धोक्याचं आहे.

निदान नसताना उपचार सुरू करतात का?

हो. रेनॉडसाठी निफेडिपिन किंवा ॲम्लोडिपिन, आम्लासाठी पँटोप्राझोलच्या गटातली औषधं, सांधेदुखी आणि थकव्यासाठी कधी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. यांना आजाराचं नाव लागत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा डोस रोज वजनाच्या किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत हवा. डोळ्यांचा पडदा सुरुवातीला एकदा आणि साधारण पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासून घ्या. मूत्रपिंडं कमजोर असतील तर आधीपासूनच. फुप्फुसांत आजार वाढताना दिसला तर मायकोफेनोलेटसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधंही गुण ९ व्हायची वाट न पाहता दिली जातात.

थंडीचा त्रास कमी करायला काय करावं?

फक्त हातमोजे पुरत नाहीत. छाती-पोट गार पडलं की शरीर बोटांचं रक्त आवरून घेतं, म्हणून आधी धड उबदार ठेवा. पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा सगळी बोटं एकत्र राहतात तो प्रकार जास्त ऊब देतो. फ्रिजमधलं काढतानाही घाला. झटका आला तर कोमट पाणी. कढत नको, कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही.

तंबाखू कोणत्याही रूपात बंद. सर्दीवरच्या ज्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं त्या, मायग्रेनची एर्गोटामिन आणि ट्रिप्टान औषधं, तसेच बीपीसाठीचे काही बीटा-ब्लॉकर रक्तवाहिन्या आणखी आवळू शकतात. चालू असतील तर पर्याय विचारा.

बोटाच्या टोकावर व्रण झाला, कडेला पू, लाली किंवा ठसठस वाढली, तर एक-दोन दिवसांत दाखवा. एखादं बोट काळं-निळं होऊन उबदार केल्यावरही रंग परतत नसेल, तर तासांत.

जळजळ आणि घास अडकणं याचा या आजाराशी संबंध आहे का?

बऱ्याचदा हो, अन्ननलिकेचे स्नायू मंदावतात. पलंगाची डोक्याकडची बाजू पायांखाली ठोकळे ठेवून १५ ते २० सेंटीमीटर उचला. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि उलट त्रास होतो. झोपण्याआधी तीन तास काही खाऊ नका. आम्लाची गोळी जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायची. जेवल्यावर घेतली तर निम्मं काम वाया.

गर्भधारणेचा विचार आहे. निदान होईपर्यंत थांबावं का?

नावासाठी थांबायची गरज नसते, तपासणीसाठी असते. आधी इको, फुप्फुसक्षमता, बीपी, मूत्रपिंडं, आणि अँटी-आरओ अँटीबॉडी आहे का ते पाहा. अँटी-आरओ असेल तर बाळाच्या हृदयात ब्लॉक (ठोक्याचा विद्युत संदेश अडणं) होण्याची शक्यता सुमारे २ टक्के असते. म्हणून साधारण १६ ते २६ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची तपासणी करतात आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुचवतात. मायकोफेनोलेट किमान ६ आठवडे आधी बंद करावं लागतं, मेथोट्रेक्सेटही आधीच. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढलेला असेल तर गर्भधारणा जिवावर बेतू शकते. तिथे स्पष्ट बोलणारे डॉक्टर हवेत.

घरच्यांना काय सांगायचं? "रिपोर्ट तर नॉर्मल आहेत" म्हणतात.

एक सरळ वाक्य पुरतं: "ऑटोइम्यून आजाराची सुरुवात असू शकते, म्हणून ठरावीक तपासण्या चालू आहेत." निदान नाही म्हणजे त्रास नाही, असं होत नाही. थकवा, दुखणं, सुजलेल्या बोटांनी झाकण न उघडणं, हे आजच खरं आहे. अनिश्चिततेमुळे झोप, भूक, कामातलं लक्ष आठवडेच्या आठवडे उडालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा; त्यावर उपचार आहेत, आणि ते मागण्यात कमीपणा नाही.

भेटीला जाताना काय न्यावं?

एक पान. लक्षण आणि ते सुरू झाल्याचा महिना-वर्ष, रेनॉडची तारीख सर्वांत वर. झटक्याचे फोटो, बीपीचे आकडे, चालू औषधं. एफव्हीसी आणि डीएलसीओचे सगळे जुने आकडे एका ओळीत तारखेसह लिहा. एकेकटा रिपोर्ट "नॉर्मल मर्यादेत" दिसतो. १०२, ९४, ८५ ही ओळ मात्र लगेच डोळ्यांत भरते.

तातडीने कधी जायचं?

बीपीची वर सांगितलेली उडी, त्यासोबत तीव्र डोकेदुखी, धूसर दिसणं किंवा फिट, चक्कर येऊन पडणं, काही दिवसांत वाढलेला दम, लघवी कमी होणं, काळी शौच. तिथे गेल्यावर पहिलंच वाक्य "मला स्क्लेरोडर्माची शंका आहे" हे म्हणा, आणि अँटीबॉडीचा रिपोर्ट हातात द्या.

तपासण्या कधी थांबवता येतात का?

केशवाहिन्या नॉर्मल, विशिष्ट अँटीबॉडी नाही आणि काही वर्षं नवीन लक्षण नाही, अशा वेळी बहुतेक डॉक्टर नियमित इको आणि फुप्फुसक्षमता बंद करून "काही नवीन झालं तर या" म्हणतात. स्क्लेरोडर्माची अँटीबॉडी पक्की पॉझिटिव्ह असेल तर बरं वाटत असतानाही वर्षाची फेरी चालू ठेवा. फेरीत काहीच बदल सापडला नाही, तरी ते आकडे फाइलला लावा.